दृष्टान्त आधी दिसावा लागतो

वाचकहो, न्यायशास्त्रात गौतमांनी सोळा पदार्थ मोजले आहेत. प्रमाण, प्रमेय, संशय आणि प्रयोजन यांच्यामागून पाचवा येतो तो दृष्टान्त. त्याचे त्यांनी केलेले लक्षण फार मार्मिक आहे. ज्या गोष्टीविषयी साधा प्रापंचिक माणूस आणि शास्त्र तपासणारा परीक्षक या दोघांचेही म्हणणे एकच पडते, तिला दृष्टान्त म्हणावे. जिथे धूर तिथे विस्तव, या सिद्धान्ताला स्वयंपाकघराचा दाखला देतात, तो याचसाठी. चुलीचा धूर पंडिताच्या डोळ्यांत जातो तसाच गुराख्याच्याही जातो. त्या शब्दाच्या पोटातच ‘दृष्ट’ आहे, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेले.

हे लक्षण आरंभालाच मांडण्याचे कारण सांगतो. आपल्या संतांना ‘निसर्गकवी’ म्हणण्याची प्रथा अलीकडे पडली आहे. मृगाचा पाऊस पडला की तुकोबारायांचा झाडावेलींचा अभंग फलकावर चढतो, आणि व्यासपीठावरून सांगितले जाते की संतांना निसर्गापासून प्रेरणा मिळाली. हे खोटे नाही, पण फार सैल आहे. प्रेरणा मिळाली म्हणजे नेमके काय मिळाले? माझ्या समजुतीने संतांना निसर्गात साक्षीदार मिळाला. परमार्थ डोळ्यांना दिसत नाही. बगळा, भुंगा, ऊस दिसतो. जे दिसते त्याची साक्ष काढून जे दिसत नाही ते पटवायचे, हे त्यांचे काम. आणि साक्षीदार खरा ठरायचा तर तो ऐकणाऱ्याच्या ओळखीचा असावा लागतो. या एका कसोटीवर काही स्थळे तपासून पाहू.

पहिले स्थळ ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातले आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला प्रवरेच्या परिसरात माउलींनी गीता मराठीत सांगितली. तेराव्यात ज्ञानाची लक्षणे येतात, त्यांत अहिंसा येते. मूळ श्लोकात तिला एकच शब्द आहे, पण माउली त्या एका शब्दावर बराच वेळ थांबतात. अहिंसक पुरुष चालतो कसा, हे सांगताना ते श्रोत्यांपुढे बगळा उभा करतात. बगळा पाण्यात पाऊल घालतो तेव्हा लाट ओलांडत नाही, तरंग फुटू देत नाही, पाण्याचा निवांतपणा मोडू देत नाही. त्याची दृष्टी भक्ष्यावर असते, आणि पाऊल वेगाने पण अगदी हलके पडते.

आता इथे जरा थांबा. आपल्या भाषेत बगळा कशासाठी प्रसिद्ध आहे? ढोंगासाठी. ‘बकध्यान’ हा शब्द आपण दांभिकालाच लावतो. मनुस्मृतीतही बगळ्याचे व्रत धरणारा म्हणजे ढोंगी, असाच अर्थ आहे. शिवाय बगळा मासे मारून खातो. अहिंसेचे निरूपण चालू असताना त्याला बोलावण्याचे धाडस पोथीतल्या संकेतांवर जगणारा कवी करणार नाही. त्याने हंस आणला असता. माउलींनी बगळा आणला, कारण त्यांना त्याचे पाऊल हवे होते, आणि तसे पाऊल हंसाकडे नाही. शिवाय त्यांनी काही लपवलेही नाही. त्याची नजर भक्ष्यावर आहे, हे त्याच वाक्यात सांगून टाकले आहे. मला याचा अर्थ असा लागतो, की पोटासाठी जी सावधगिरी एक पक्षी पाळतो, ती साधूने दुसऱ्याच्या जिवासाठी पाळावी. पाऊल तेच राहिले, त्यामागचा हेतू बदलला. ज्याने तळ्याकाठी उभे राहून बगळा पाहिला आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. पाय उचलताना तो बोटे मिटतो, पाणी निथळू देतो आणि मगच पुढे टाकतो.

त्याच ठिकाणी पुढे भुंगा येतो. कमळाच्या आतले केसर चुरगळतील या शंकेने तो पाय हळुवार ठेवतो. ज्ञानेश्वरीत भुंगा पुष्कळ ठिकाणी भेटतो, आणि त्याची हजेरी ताडून पाहण्यासारखी आहे. पहिल्या अध्यायात श्रोत्यांना ऐकण्याची रीत शिकवताना माउली म्हणतात की भुंगा पराग घेऊन जातो आणि कमळाच्या पाकळीला त्याचा पत्ताही लागत नाही. पुढे त्याच अध्यायात अर्जुन आप्तांच्या स्नेहाने खचतो, तेव्हा पुन्हा भुंगा येतो. वाळलेले कठीण लाकूड पोखरणारा हा प्राणी कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. लाकूड पोखरणारा काळा भुंगा तुम्ही घराच्या वाशात किंवा कुंपणाच्या बांबूत पाहिला असेल. तो गोल भोक पाडतो आणि खाली भुसा पडलेला दिसतो.

एकाच जिवाची तीन कामे झाली: पराग नेणे, पाय ठेवणे, लाकूड कोरणे. प्रत्येक वेळी माउलींनी त्याचा एकच गुण उचलला आणि बाकीचा भुंगा बाजूला ठेवला. रंग सांगितला नाही, गुंजारवावर लांबण लावली नाही. वर्णन करणारा कवी सगळा भुंगा रंगवतो. दृष्टान्त देणारा तेवढाच भाग दाखवतो, जेवढ्याने सिद्धान्त उभा राहील. ही काटकसर ज्याच्या ध्यानात आली, त्याला ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्यांत उपमांची गर्दी वाटत नाही. प्रत्येक उपमा काहीतरी काम करते आहे, हे त्याला दिसू लागते.

बाराव्या अध्यायातले झाड घ्या. शत्रू आणि मित्र ज्याला सारखे, अशा भक्ताचे लक्षण चालले आहे. माउली सांगतात, ज्याने झाड लावले त्यालाही ते सावली देते आणि जो तोडायला घाव घालतो त्यालाही तीच सावली देते. पाठोपाठ ऊस येतो. जोपासणाऱ्याला तो गोड लागतो आणि चरकात घालणाऱ्याला कडू लागत नाही. इथे झाड आंब्याचे की लिंबाचे, हे सांगितलेले नाही, कारण त्याची गरज नाही. उसाचे मात्र नाव घेतले, कारण गोडी त्याचीच आहे. नाव कुठे घ्यावे आणि कुठे घेऊ नये, हा विवेक बारकाईने पाहण्यासारखा आहे.

तोच ऊस चोखोबारायांच्या हातात आला की त्याचे काम पालटते. त्यांनी वाकड्या उसाकडे बोट दाखवून विचारले, ऊस वाकडा असला म्हणून त्याचा रस वाकडा असतो काय? नदी वळणे घेते, तिचे पाणीही वाकडे म्हणायचे काय? पंढरीच्या देवळाचे दार ज्याला बंद होते, अशा भक्ताचा हा प्रश्न आहे. दाराशी अडवणारा शास्त्र काढील, जात काढील, परंपरा काढील. चोखोबा ऊस काढतात. अडवणाऱ्याने तो ऊस खाल्लेला असतो, त्याचा रस प्यालेला असतो, त्यामुळे त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. गौतमांचे लक्षण इथे अक्षरशः उतरले आहे. दाराच्या आतला आणि बाहेरचा, दोघांचे ज्या वस्तूविषयी एकमत आहे, तीच चोखोबांनी मध्ये ठेवली. दार त्याने उघडले नाही, हा इतिहास आहे. पण युक्तिवाद आजही कुणाला मोडता आलेला नाही.

अरणचे सावतोबा तर मळ्यातच होते. त्यांच्या नावावर गाइल्या जाणाऱ्या प्रसिद्ध अभंगात कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर अशी भाजी हीच विठाई झाली आहे. त्यात मिरचीही आहे. इथे जाणकार वाचकाला ठेच लागावी. सावतोबांनी शके १२१७ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९५ मध्ये देह ठेवला. मिरची मूळची अमेरिका खंडातली. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, त्यानंतर पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्याकडे आली. मग सावतोबांच्या मळ्यात ती कुठून? काही जण या प्रश्नाने अस्वस्थ होतात, काही जण अभंगच खोटा ठरवून मोकळे होतात. मला दोन्हीची गरज वाटत नाही. अभंग शतकानुशतके तोंडोतोंडी गायला गेला. मूळ शब्द काय होता, हे आज सिद्ध करता येणार नाही. पण पुढच्या काळातल्या गाणाऱ्याने आपल्या मळ्यातली मिरची त्यात लावली, असे मानायला जागा आहे. त्यात मी अपराध पाहत नाही. गाणारा आपल्या डोळ्यांपुढची भाजी गात होता, एवढे त्यावरून समजते. देव समोरच्या वाफ्यात आहे असे ज्याला म्हणायचे, त्याला समोरचा वाफा वगळून कसे चालेल?

आता दुसरी बाजू. सगळेच दृष्टान्त असे पाहिलेले नाहीत, हे कबूल केल्याशिवाय ही चर्चा प्रामाणिक होणार नाही. पहिल्या अध्यायात भुंग्याच्या शेजारीच चकोराची पिल्ले आहेत. ती शरदाच्या चांदण्यातले अमृताचे कोवळे कण वेचतात. चकोर नावाचा पक्षी आहे, पण तो हिमालयाच्या बाजूचा. महाराष्ट्राच्या रानात तो आढळत नाही, आणि जिथे असतो तिथे बिया आणि किडे खातो. चांदणे पिणारा चकोर हा संस्कृत काव्यातून आलेला कविसंकेत आहे. कासवीचेही तसेच. कासवी नुसत्या नजरेने पिल्लांचे पोषण करते, हा दाखला माउलींपासून तुकोबांपर्यंत आणि आजच्या फडापर्यंत अखंड चालत आला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर जाऊन पाहणाऱ्याला वेगळेच दिसते. समुद्री कासवी रात्री वाळूत खड्डा करते, अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. पिल्ले बाहेर येतात तेव्हा आई तिथे नसते. ती आपली आपण पाण्याकडे धावतात.

शाळेत जाणाऱ्या मुलाला हे माहीत असते. कीर्तनात कासवीचा दृष्टान्त आला की तो आजोबांच्या कानाशी लागतो, आणि आजोबांना उत्तर देता येत नाही. मग काय करावे? दृष्टान्त टाकून द्यावा का? तसे केले तर गुरूच्या कृपादृष्टीविषयी कितीतरी सुंदर निरूपणे हातची जातील. विज्ञानाने तेच सिद्ध केले, असे ठोकून द्यावे का? ते तर असत्य होईल. माझे सांगणे असे, की संकेताला संकेत म्हणावे. चकोर आणि कासवी ही काव्यातली ठरलेली भाषा आहे. व्यवहारात आपण ‘सूर्य उगवला’ म्हणतो, तेव्हा खगोलशास्त्राचा प्रबंध लिहीत नसतो. श्रोत्याला तसे एका वाक्यात सांगावे आणि पुढे जावे. मूल समाधानाने ऐकते, असा माझा अनुभव आहे.

मात्र वाचकाने दोन्ही प्रकारच्या दृष्टान्तांतला फरक ओळखावा. कासवीच्या शेजारी जनाबाईंच्या नावे गायला जाणारा एक अभंग ठेवून पाहा. त्यात पाखरू पिल्लांसाठी चारा आणायला दूर जाते, घार आभाळात फिरते पण झेप घेते ती पिल्लांकडे, आई कामात गुंतलेली असते आणि तिचे चित्त बाळापाशी असते, वानरी पिलू पोटाशी घेऊन झाडांवर हिंडते. यातली एकही गोष्ट पोथीतून घ्यावी लागत नाही. मान वर केली की घार दिसते, देवळाच्या कळसावर वानरी दिसते. आणि कामात गुंतलेली आई तर दळणकांडण करणाऱ्या जनाबाईंच्या अवतीभोवतीच होती. कासवीचा दाखला ऐकून आपण मान डोलावतो, पण वानरीच्या दाखल्याने डोळ्यांत पाणी येते. कारण पिल्लासकट फांदीवरून फांदीवर गेलेली ती उडी आपण पाहिलेली असते, आणि ती पाहताना आपलाही श्वास अडकलेला असतो.

आता फलकावरच्या अभंगाकडे येऊ. तुकोबारायांनी झाडेवेली आणि वनचरांना सोयरे म्हटले, तेवढे सर्वांना पाठ आहे. अभंग पुढे कुठे जातो, याकडे लक्ष कमी जाते. त्यात एकाही झाडाचे नाव नाही, फुलाचे नाही, पक्ष्याचे नाही. आहे तो एकान्त. तिथे गुणदोष अंगाला लागत नाहीत, वर आकाश हा मांडव, खाली पृथ्वी हे आसन. देहापुरते कंथा आणि कमंडलू, वेळ कळायला वारा, जेवायला हरिकथा. शेवटी आपलाच आपल्याशी संवाद आणि आपलाच आपल्याशी वाद. झाडांविषयी सुरू झालेला अभंग मनाच्या झगड्यात संपतो. देहूच्या भंडारा डोंगरावर तुकोबाराय बसत, ते सृष्टिशोभा पाहायला नव्हे. दुष्काळात घर होरपळले होते, दुकान बुडाले होते, गावात निंदा होती. माणसांतले सोयरे कसे वागतात, हे ज्याने पुरते पाहिले, त्याने झाडांना सोयरे म्हटले. हा शब्द ज्याला नुसता गोड वाटला, त्याने अभंग अर्धाच ऐकला.

निसर्गकवी हे नाव शोभते ते बालकवींना. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, १८९० चा जन्म आणि १९१८ मध्ये अकाली अंत. त्यांच्या ‘औदुंबर’ या आठ ओळींच्या कवितेत टेकड्या, गाव, पायवाट, डोह हे सारे आपल्यासाठीच आहे. कुठल्या सिद्धान्ताची साक्ष द्यायला ते आलेले नाही. ती मोठी कविता आहे. वाचकाने दोन्हींवर प्रेम करावे, पण एकाचे नाव दुसऱ्याला लावू नये. बालकवींकडे सिद्धान्त मागणे जितके चुकीचे, तितकेच तुकोबांकडे देखावा मागणे चुकीचे.

या भेदाचा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. त्यासाठी तेराव्या अध्यायातल्या अहिंसेकडे पुन्हा जावे लागेल. बगळा येण्याआधी माउली अहिंसेच्या नावाखाली चालणाऱ्या हिंसेचा समाचार घेतात. कुणी झाडे मुळांसकट खणून काढतो, कुणी त्यांची साल सोलतो, आणि हे सारे जीव वाचवण्याच्या नावाने चालते. तिथे एक विलक्षण दाखला आहे. झाडाच्या फांद्या तोडायच्या आणि त्याच फांद्यांचे कुंपण त्याच्या बुंध्याला घालायचे! सातशे वर्षांहून जुनी ही उपहासाची जागा आज वाचताना जीभ अडखळते. आळंदी-देहूहून पंढरीला जाणारा पालखीमार्ग रुंद झाला. वारकऱ्यांची सोय झाली, हे खरेच आहे. त्यात पिढ्यान्‌पिढ्या दिंड्यांना विसावा देणारे जुने वड गेले, हेही खरे आहे. आता त्या मार्गावर रोपे लावली जातात, त्यांना जाळ्या बसतात आणि वर तुकोबांचा फलक लागतो. माउलींचे ते कुंपण आठवते की नाही, हे तुमचे तुम्ही ठरवा.

नदीचेही असेच. आळंदीत इंद्रायणीवर रासायनिक पाण्याचा पांढरा फेस तरंगताना अलीकडे वारकऱ्यांनी वारंवार पाहिला आहे. तरंग न मोडणारा बगळा त्या फेसात कसा दाखवावा? पुरात मोठाली झाडे वाहून जातात आणि वाकून राहणारी लव्हाळी तगतात, हा तुकोबांचा नम्रतेचा दाखला; ज्याच्या गावच्या नदीला सिमेंटचे काठ आले, त्या मुलाने लव्हाळे पाहायचे कुठे? आपण झाड किंवा ओढा गमावतो, तेव्हा सावली आणि पाणी तर जातेच, पण आपल्या ग्रंथाचा एक साक्षीदारही जातो. ओवी कागदावर राहते आणि तिची खूण हरवते. मग टीकाकाराला तळटीप द्यावी लागते की बगळा म्हणजे असा असा पक्षी. जिथे तळटीप लागली, तिथे गौतमांच्या व्याख्येप्रमाणे दृष्टान्त संपला.

म्हणून माझे दोन वर्गांना सांगणे आहे. पहिले तरुण कीर्तनकारांना. पाठांतर चोख असू द्या, प्रमाणे तोंडावर असू द्या, पण ज्या जिवाचा दाखला उद्याच्या सेवेत द्यायचा तो आधी एकदा तरी पाहून या. तासभर तळ्याकाठी बसा. बगळा किती वेळाने पाऊल उचलतो, ते मोजा. मग ओवी म्हणताना तुमचा आवाज आपोआप हलका होईल, टाळ कुठे थांबवायचे ते कळेल, आणि समोरच्या फडातला म्हातारा शेतकरी मान हलवील. त्याने ते तुमच्या आधी पाहिलेले असते. तुम्ही पाहिले की नाही, हे त्याला तुमच्या पहिल्या दोन वाक्यांत समजते.

दुसरे तुम्हाला, वाचकहो. पारायणात अध्याय पुरा करण्याची घाई असते, ती मी जाणतो. पण चातुर्मासात एखादा दिवस असा ठेवा की एकच ओवी वाचायची आणि तिच्यातले झाड, पाखरू किंवा पाणी शोधायला बाहेर पडायचे. सापडले तर नातवाला दाखवा. सापडले नाही तर ते का नाहीसे झाले, याची गावात विचारपूस करा. त्या विचारपुशीतून झाड वाचले, ओढा वाहता राहिला, तर तेही ज्ञानेश्वरीचेच वाचन समजा.

रामकृष्ण हरि.